काठावरची झाडं पुन्हापुन्हा सडतात? आधी पट्टी घ्या, मग नर्सरीत जा

लक्षण नेहमीचंच. व्हिवेरियममध्ये (माती, पाणी आणि झाडं असलेल्या काचेच्या पेटीत) पाण्याच्या कडेला लावलेली झाडं पंधरा-वीस दिवस टवटवीत दिसतात. मग बुंध्याशी काळी पडतात आणि जरा ओढलं की अलगद हातात येतात. त्या जागी दुसरं झाड येतं, महिन्याभरात तेही जातं. तिसऱ्या खेपेला दुकानदार ‘हे मरतच नाही’ म्हणून आणखी काहीतरी देतो आणि ते मरतं.

झाडं बदलून हा प्रश्न सुटत नाही. दहातल्या आठ वेळा गडबड दोन-तीन सेंटिमीटरच्या उंचीत असते: झाडाचा बुंधा पाण्याच्या रेघेपासून किती वर किंवा खाली आहे, आणि ती रेघ जागेवर राहते की हलते. उरलेल्या वेळी झाड चुकीच्या रूपात विकत आणलेलं असतं. ते पुढे येईलच.

खालचे आकडे ६० × ४५ × ६० सेंमीच्या काचेच्या पेटीचे आहेत. पुढच्या अर्ध्या भागात ९ सेंमी खोल पाणी, मागे भाजक्या मातीच्या गोळ्यांवर उंच केलेली माती, कोपऱ्यात ताशी ३०० लिटरच्या पंपावर चालणारा छोटा धबधबा. दगड आणि गोळे वजा जाता एकूण पाणी साधारण १५ लिटर. तुमची पेटी लहानमोठी असेल तर लिटर बदलतील, सेंटिमीटर फारसे बदलणार नाहीत.

सडलेलं झाड फेकण्याआधी

ते वाहत्या पाण्याखाली धुवा आणि आधी नेमकं काय सडलंय ते बघा.

मुळं तपकिरी झालीत, चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते, शिवाय कुजक्या अंड्याचा वास येतो: माती पाण्यात बुडून राहिली आहे आणि मुळांना हवा मिळत नाही. मुळं पांढरी, कडक, पण बुंधा किंवा आडवं खोड काळं आणि मऊ पडलंय: झाड जास्त खोल पुरलंय. मुळं आणि बुंधा दोन्ही ठीक, पण पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळतात, तेही लावल्यापासून पहिल्या आठ-दहा दिवसांत: झाड मरत नाहीये, पाण्यातून हवेत किंवा हवेतून पाण्यात आल्यामुळे जुनी पानं टाकतंय. त्याला उपटू नका. पानांच्या कडा करपल्यात आणि त्यावर पांढरी भुकटी दिसते: पाण्यात क्षार साचलेत.

या चार खुणांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बुडालेल्या झाडाला ‘सुकलंय’ समजून आणखी फवारा मारला जातो, तिथेच बहुतेकांचं चुकतं.

रेघ हलते, म्हणून झाड मरतं

काचेवर बाहेरून कागदी चिकटपट्टी उभी लावा आणि सात दिवस रोज संध्याकाळी ठरावीक वेळी पाण्याची पातळी पेनानं मारा. या आठवड्यात पाणी घालू नका. फक्त पंप उघडा पडायची वेळ आली तरच घाला, आणि किती घातलं ते लिहून ठेवा.

या पेटीत १ सेंमी पातळी म्हणजे मागच्या गोळ्यांमधल्या फटी धरून पावणेदोन ते दोन लिटर. एप्रिलमध्ये कोल्हापुरात पारा ३८-३९ ला टेकलेला असताना वरची जाळी उघडी आणि पंखा चालू असेल, तर रोज अर्धा लिटर सहज उडतो. म्हणजे आठवड्याला जवळजवळ २ सेंमी. काठावर ‘पाण्याला लागून’ लावलेल्या झाडाची मुळं शनिवारी कोरडी आणि रविवारी तीन-चार लिटर ओतल्यावर बुडालेली. हे चक्र कुठलंच झाड फार दिवस सोसत नाही.

मग जून येतो. बाहेरची हवाच ओलसर, पाणी उडणं जवळपास थांबतं, पण मे महिन्यात लागलेली तीन वेळा फवारण्याची सवय मात्र चालूच राहते. जुलैअखेर पातळी दोन-तीन सेंटिमीटर वर आलेली असते आणि उन्हाळ्यात तगलेली झाडं बुडतात. दर वर्षी हा बिघाड दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा कारण उलटं असतं. ‘मागच्या वेळी जे केलं तेच करून बघतो’ म्हटलं की नुकसान ठरलेलं.

अजून एक बारीक गोष्ट. पंप चालू असताना आणि बंद असताना पातळी सारखी नसते. धबधब्याच्या वरच्या कुंडीत, मॉसच्या भिंतीत आणि पाइपमध्ये लिटर-दीड लिटर पाणी अडकलेलं असतं. वीज गेली की ते सगळं खाली उतरतं आणि रेघ पाऊण सेंटिमीटरनं वर येते. म्हणून पट्टीवर दोन खुणा करा, पंप चालू आणि पंप बंद. झाडाची उंची वरच्या खुणेवरून मोजा.

पातळी जागेवर ठेवायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मागच्या कोपऱ्यात तळापर्यंत जाणारी १२-१५ मिमीची उभी नळी. तिच्यातून पातळी दिसते, आणि ५० मिलीच्या सिरिंजला मत्स्यटाकीची हवेची नळी जोडली की जास्तीचं पाणी काढता येतं. पेटी नव्यानं बनवून घेत असाल तर मागच्या काचेला भोक पाडून ओव्हरफ्लो (जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट) बसवून घ्या. मात्र भोक जोडणीआधी पाडायचं, आणि टफन केलेल्या काचेला नाहीच, ती फुटते.

मातीची वात

समईतली वात जशी तेल वर ओढते, तशी बारीक माती पाणी ओढते. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) एक टोक जरी पाण्याला टेकलं, तरी हाताची वीतभर उंचीपर्यंत सगळं चिंब होतं. वरून बघताना माती पाण्याच्या दहा सेंटिमीटर वर असते, मुळांच्या दृष्टीनं ती पाण्यातच असते.

तपासायला घडी केलेला टिश्यू पेपर मातीवर दहा सेकंद दाबा, तीन उंचींवर. नुसता दमट झाला तर ठीक. थेंब पिळून निघाला तर वात लागली आहे.

मग वात कुठे टेकते ते शोधा. तळाशी गोळे पुरेसे असतात, गळती बहुतेक वेळा पुढच्या कडेला असते. दगडावरून घसरलेली माती पाण्यात उतरलेली, स्फॅग्नम मॉसची एखादी शेपटी लोंबणारी, सजावटीला गुंडाळलेला काथ्याचा दोर, किंवा जांभ्याचा दगड. पन्हाळा-मसाई पठाराकडचा जांभा दिसतो सुंदर आणि मॉस त्यावर छान धरतो, पण तो सच्छिद्र आहे. अर्धा पाण्यात आणि अर्धा मातीत ठेवला की तोच पाणी चढवतो. पाण्याच्या कडेला काळा बेसाल्ट लावा, जांभा मॉससाठी ठेवा. पांढरे किंवा संगमरवरी दगड असतील तर आधी एकावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड पाण्यात नको, पाणी जड करत राहील.

दुरुस्ती अशी: ८ ते १६ मिमीचे भाजक्या मातीचे गोळे पाण्याच्या वरच्या खुणेपासून किमान ४ सेंमी वर येईपर्यंत भरा, त्यावर मच्छरदाणीची नायलॉन जाळी, कडा काचेवर २-३ सेंमी वर वळवून. मग माती. नुसतं कोकोपीट वापरू नका, ते वर्षभरात दबून चिखल होतं. नारळाच्या सालीचे तुकडे २ भाग, कोकोपीट १, लाकडी कोळशाचा चुरा १, जाड वाळू अर्धा भाग, एवढं मिश्रण मोकळं राहतं. कोकोपीटची वीट भिजवून तीनदा पिळून धुवा. त्यात पुष्कळदा मीठ असतं आणि पहिल्या धुण्याचं पाणी टीडीएस मीटरवर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते मोजणारं यंत्र) ते दाखवतं.

कोणतं झाड किती उंचीवर

जुन्या दगडी विहिरीत डोकावलं तर हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. हंसराज हा फर्न पाण्यात कधीच नसतो, पाझर असलेल्या दगडाच्या सांध्यात, पाण्याच्या बराच वर, हवा खेळते तिथे असतो. ब्राह्मी बांधाच्या पायथ्याला चिखलात लोळते, अर्धी बुडालेली. दोन्ही ‘ओलाव्याची झाडं’ आहेत, पण जागांची अदलाबदल केली की दोन्ही जातील.

पाण्याखाली, कायमचं: जावा फर्न, ॲन्युबियस, क्रिप्टोकोरिन वेंटाई, जावा मॉस. इथे फार विचार नको.

पाण्याच्या रेघेच्या २ सेंमी खाली ते २ सेंमी वर हा पट्टा सगळ्यात अवघड, आणि पातळी हलत असेल तिथे झाडं याच पट्ट्यातली निवडायची. ॲन्युबियस नाना हे इथलं पहिलं झाड असावं. पाण्यात, पाण्याबाहेर, कमी उजेडात, ३०-३१ अंशातही चालतं. एकच अट, त्याचं आडवं खोड मातीत किंवा वाळूत पुरायचं नाही. दगडाच्या खाचेत बसवा, मुळं आपोआप खाली जातील. ब्यूसेफॅलँड्राला तोच नियम, वाढ त्याहून संथ आणि किंमत जास्त, उन्हाळ्यात खोली तापत असेल तर घाई करू नका. चिखलासाठी ब्राह्मी: १० सेंमीचे तुकडे, खालच्या दोन पेरांची पानं काढून तिरके खोचा. ‘ब्राह्मी’ म्हणून दोन झाडं मिळतात. जाड, लहान, समोरासमोर पानांची ती बॅकोपा, आपल्याला हवी ती. मूत्रपिंडाच्या आकाराच्या गोल पानांची मंडूकपर्णी असते. तीही ओल सोसते, पण पेटीच्या उजेडात लांबलचक देठ काढून केविलवाणी होते. लॅजेनँड्रा मीबोल्डाय हे पश्चिम घाटातलं झाड या पट्ट्यात फार चांगलं बसतं आणि अजून पुरेसं वापरलं जात नाही. मुळं चिखलात, पानं हवेत, वर ७०-८० टक्के दमटपणा असला की खूश.

मुळं पाण्यात, मान वर, हा तिसरा प्रकार: पीस लिली, सिंगोनियम, मनी प्लांट, लकी बांबू, बुटका अकोरस. यांची मुळं पाण्यात महिनोन्‌महिने राहतात, पण जिथून पानं फुटतात तो गड्डा बुडाला की सडतो. पीस लिलीचा गड्डा वरच्या खुणेच्या किमान २ सेंमी वर हवा. मातीतली लिली आणलीत तर मातीचा कण न्‌ कण धुवा आणि जुनी मुळं तिसऱ्या भागाइतकी छाटा. मातीत वाढलेली मुळं पाण्यात तशीही जातात आणि नवी पांढरी येतात. सिंगोनियम आणि मनी प्लांट पाण्यातलं नायट्रेट खातात म्हणून उपयोगी, पण दर तीन आठवड्यांनी कात्री लावली नाही तर खालच्या झाडांवर अंधार करतात. आपलं वेखंड अकोरसच्याच जातकुळीतलं आहे, पण ते गुडघ्याच्या वर जातं, म्हणून बुटकाच अकोरस घ्या. अळू लावायचा मोह होतो. नको: पान पेटीपेक्षा मोठं, आणि चीक खाजरा. या गटातली बहुतेक झाडं सुरणाच्या कुळातली आहेत, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पानं खाणारा प्राणी पेटीत असेल तर यातलं काहीच लावू नका.

फिटोनिया, सेलाजिनेला, फायकस पुमिला, हंसराज: रेघेच्या ६-८ सेंमी वर, निचरा होणाऱ्या मातीत. फिटोनिया, हेमिग्राफिस, लाल कॉर्डिलाइन आणि मोंडो गवत ‘ॲक्वॅटिक’ म्हणून पाण्यात ठेवून विकली जातात. ती पाण्यात काही आठवडे, फार तर काही महिने ‘मरायची राहतात’, एवढंच. दुकानातल्या टाकीत दिसली म्हणून ती पाण्याची होत नाहीत.

एकच झाड, दोन रूपं

क्रिप्टोकोरिन, लॅजेनँड्रा, बॅकोपा, रोटाला यांना पाण्यातली आणि हवेतली अशी वेगवेगळी पानं येतात. पाण्यातलं पान पातळ असतं, झाड बाहेर उचललं की ओल्या कागदासारखं लोळतं. हवेतलं पान जाडसर, ताठ, त्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो. दुकानात झाड पाण्याबाहेर धरायला सांगा आणि बघा. काठासाठी ताठ उभं राहणारं घ्या.

लोळणारंच मिळालं तर: पानं निम्मी करा, लावा, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून दहा दिवस पूर्ण बंद ठेवा. अकराव्या दिवशी टाचणीनं पाच-सहा भोकं, मग दर तीन दिवसांनी भोकं वाढवत तीन आठवड्यांनी प्लॅस्टिक काढा. या काळात जुनी पानं जातील. बुंधा कडक आहे तोवर काळजी नाही. क्रिप्टोकोरिन तर पूर्ण गायब होऊन महिन्यानं मुळातून परत येतं.

जाळीच्या कुंडीतलं झाड असेल तर मुळांभोवतीची दगडी लोकर (रॉकवूल) चिमट्यानं काढा आणि त्यातले पिवळसर खताचे दाणे शोधून फेका. पंधरा लिटर पाण्यात ते चार-पाच दाणे शेवाळाला मेजवानी देतात. घरशोभेच्या झाडांवर नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असू शकतं, आणि आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषलं जाणारं) औषध धुऊन जात नाही. ती बादलीत चार आठवडे वेगळी ठेवा, पाणी दर तीन दिवसांनी बदला, आणि पेटीत नेण्याआधी त्या मातीत थोडे स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) सोडून आठवडाभर जगतात का बघा.

पाणी

आठवड्याला साडेतीन लिटर उडतात आणि तेवढेच २०० टीडीएसच्या नळाच्या पाण्यानं भरले, तर उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. साडेतीन लिटरमधले ७०० मिलिग्रॅम १५ लिटरमध्ये, म्हणजे दर आठवड्याला ४५-५० ची वाढ. दोन महिन्यांत २०० चे साडेपाचशेच्या पुढे. ६०० च्या बोअरच्या पाण्यानं हेच तिप्पट वेगानं. काचेवरची पांढरी रेघ आणि पानांवरची भुकटी ती हीच.

तूट भरायला आणि फवारायला आरओचं किंवा पावसाचं पाणी, आणि दर पंधरा दिवसांनी ३ लिटर जुनं पाणी काढून क्लोरीन घालवलेलं नळाचं पाणी. पूर्ण पेटी आरओवर चालवू नका, झाडांना थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं ते पाणी बरेच जण ‘वाचवून’ इथे घालतात. त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात, ते फरशी पुसायला ठेवा. एसीचं पाणी टीडीएसला कमी दिसतं, पण तांब्याच्या नळ्यांवरून आलेलं असतं. बेडूक किंवा कोळंबी असेल तर नकोच. पावसाचं घ्यायचं तर पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी सोडून गच्चीवरून फडक्यातून गाळून घ्या. जुलैत भरलेले दोन झाकणबंद कॅन ऑक्टोबर हीटपर्यंत पुरतात.

दुरुस्तीचा क्रम

पहिल्या दिवशी सडलेलं सगळं काढा आणि निम्मं पाणी बदला. ॲन्युबियसचं खोड नखानं दाबत जा, मऊ लागेल तिथून कडक, हिरवट-पांढरा भाग दिसेपर्यंत ब्लेडनं कापा. वास येणारी माती पूर्ण काढा. ती ‘वाळवून’ परत वापरायची नाही. वातीची जागा तोडा, गोळे आणि जाळी भरा.

मग आठवडाभर काहीच लावू नका. नुसती पट्टी वाचा. हाच आठवडा सगळ्यांना जड जातो.

दुसऱ्या आठवड्यात फक्त रेघेवरच्या पट्ट्यातली झाडं. ॲन्युबियस आणि मॉस दगडावर चिकटवायला सायनोॲक्रिलेटचा घट्ट जेल वापरा. फेव्हिक्विक चालतं, पण पातळ असल्यामुळे ओघळतं. ते कापसावर टाकू नका, कापूस एकदम तापतो आणि बोट भाजतं. धबधब्याच्या थेट माऱ्यात काही लावू नका, तुषार पडतात तिथे लावा. पंपाच्या तोंडाला स्पंज, आणि तो दर पंधरा दिवसांनी पेटीतल्याच पाण्यात पिळा. चौथ्या आठवड्यात मुळं पाण्यात ठेवणारी, सहाव्यात वरची.

दिवा ६५०० केल्विनचा, सुरुवातीला ८ तास. दगडांवर निळसर-हिरवा, साईसारखा सोलून निघणारा थर आला तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. नळीनं ओढून काढा, पाण्याचा प्रवाह त्या बाजूला वळवा, आणि खताचे दाणे राहिलेत का ते पुन्हा बघा. कडक उन्हाळ्यात पाणी ३० च्या वर गेलं तर पृष्ठभागावरून छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण पाणी तेवढंच जास्त उडतं. पंखा लावला की पट्टी पुन्हा वाचायची.

राधानगरी-दाजीपूरच्या ओढ्यातून फर्न किंवा मॉस उचलून आणू नका. अभयारण्यातून वनस्पती काढायला कायद्यानं बंदी आहे, आणि बाहेरच्या ओढ्यातूनही जळू, गोगलगायीची अंडी आणि शेतातलं औषध फुकट येतं. छाटलेलं सिंगोनियम, मॉस, बॅकोपा कुंडीच्या खतात टाका, रंकाळ्यात किंवा पंचगंगेत नाही. केंदाळ (जलपर्णी) तिथे आधीच पुरेसं आहे.

काचेवरची पट्टी दुरुस्तीनंतर काढू नका. मृग लागला की फवारा दिवसाला एकावर आणा, आठ दिवस खुणा मारा, आणि रेघ अर्ध्या सेंटिमीटरनं जरी वर सरकली तर त्या दिवशीच सिरिंज घ्या.